मॅग्नेशियमची बैठक

"कशाची गोळी आहे ते दादाला सांगायचं नाही," असं म्हणत कुमुदआत्यानं पर्समधून पांढऱ्या झाकणाची एक बाटली काढली आणि ओट्यावर ठेवली. "रात्री त्याच्या पायात गोळे येतात ना? त्यावरची आहे म्हणायचं. खोटंही नाही ते. त्यावरही चालते."

"आणि खरी कशावरची?" आईनं विचारलं.

"डोक्यावरची."

आईच्या हातातली लसूण हातातच राहिली. "वन्सं, काही झालं तरी मी माझ्या नवऱ्याला वेड्याच्या गोळ्या चारणार नाही."

"वेड्याच्या कुठल्या, वहिनी? मॅग्नेशियम आहे. खनिज असतं ते. पालकात असतं, भोपळ्याच्या बियांत असतं. अंगात कमी पडलं की माणूस चिडचिडा होतो, झोप लागत नाही, कशावरही उखडतो. पुण्यात आमच्या हास्यक्लबातल्या सगळ्या जणी घेतात. माझ्याकडेच बघा की."

आम्ही दोघींनी तिच्याकडे बघितलं. कुमुदआत्या शांत होती हे खरं, पण ती पाळण्यात असल्यापासून शांत होती. समोरचा काय बोलतोय तिकडे लक्षच द्यायचं नाही ही तिची सवय, त्यामुळे तिला राग यायला काही कारणच मिळत नसे.

तात्या म्हणजे माझे वडील, विठ्ठलराव माळवदे. फलटण बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी काढलेला माणूस. कंट्रोलरच्या खिडकीसमोर दिवसभरात जेवढे लोक भांडायला येतात, तेवढे कोर्टातही येत नसतील. त्या सगळ्यांना पुरून उरलेला आवाज तात्या निवृत्त होताना सोबत घरी घेऊन आले. लाउडस्पीकर तेवढा डेपोतच राहिला, पण त्याची उणीव कधी कुणाला भासली नाही. दूधवाला आमच्या गल्लीत शिरायच्या आधी सायकलवरून उतरायचा आणि चालत यायचा.

मी त्याच डेपोत कंडक्टर. वय एकोणतीस. माझं लग्न ठरत नव्हतं, आणि त्याला कारण माझा रंग नव्हता, शिक्षण नव्हतं, पत्रिका तर मुळीच नव्हती. कारण तात्या होते.

आमच्याकडे मुलगा-मुलगी पसंत पडली की बैठक बसते. दोन्हीकडचे मोठे पुरुष गादीवर समोरासमोर बसतात, देणं-घेणं, मानपान, तारीख सगळं बोलून घेतात आणि शेवटी सुपारी फोडतात. सुपारी फुटेपर्यंत मुलीच्या बापानं जागेवरून उठायचं नाही, हा आमचा रिवाज. उठला, की सोयरीक मोडली. पाणी प्यायला उठला तरी मोडली. मग कुणी कितीही हात जोडले तरी पावणे चपला शोधायला लागतात.

आमचे तात्या दोनदा उठले होते. पहिल्या वेळी पावणे म्हणाले, मुलीची उंची चपला काढून पुन्हा एकदा बघू. तात्या उठले. दुसऱ्या वेळी कारण मी नव्हतेच. मुलाचा मामा सहज म्हणून गेला, "आम्ही काही एसटीनं येत नाही बुवा, वेळेचा भरवसा नसतो." तात्या असे उठले की मामाच्या हातातली बशी गादीवर सांडली.

आणि आता तिसरं स्थळ आलं होतं. बार्शीचा संदेश पतंगे. माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. बघायला आला तेव्हा सगळ्यांनी मला तेच विचारलं जे विचारतात, त्यानं विचारलं, "दिवसभर लोकांशी एवढं बोलून घरी आल्यावर तुम्हाला बोलावंसं वाटतं का?" मी म्हटलं, "माणसावर आहे." तो हसला. एवढंच झालं. पण मला तो मुलगा हवा होता. इतका हवा होता की त्या रात्री मी आईपाशी बसून रडले आणि म्हणाले, "तात्या या वेळी उठले तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही." आईनं दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला आणि ही बाटली आली.

आत्या बैठकीपर्यंत राहणार होती. गोळ्या सुरू करायचं काम तिनंच हाती घेतलं.

"दादा, ही रात्री जेवल्यावर घ्यायची. पायाच्या गोळ्यांवर."

तात्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा लावला, उलटीपालटी केली. आता विचारतात, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "बरं," आणि गोळी तोंडात टाकून वर पाणी प्याले. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. तात्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात 'बरं' म्हणून ऐकली नव्हती.

आणि मग घरात जे सुरू झालं, ते बघून आईची झोप उडाली. पेपर उशिरा आला. तात्या म्हणाले, "येईल." शेजारच्या जगदाळ्यांच्या शेळीनं कुंडीतली तुळस शेंड्यापर्यंत खाल्ली. तात्या म्हणाले, "मुकं जनावर आहे." लाइट गेली, पंखा बंद पडला, आणि ज्या माणसानं वीजमंडळाच्या तीन साहेबांना फोनवर घाम फोडला होता, तो माणूस पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाला, "त्यांनाही अडचणी असतात."

"ह्यांना काही झालंय का गं?" आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. "काल आमटीत मीठ नव्हतं. सगळी आमटी खाल्ली आणि छान झाली म्हणाले. मला तर भीती वाटायला लागलीय."

"खनिज भरून निघतंय," आत्या म्हणाली. "इतक्या वर्षांची तूट आहे."

दूधवाला गल्लीत सायकलवर बसून यायला लागला.

बैठकीचा रविवार उजाडला. तात्या सकाळपासून धोतर नेसून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. दुपारी जीप आली. संदेशचे वडील तो लहान असतानाच गेले होते, त्याला काकांनी वाढवलं होतं. म्हणून बोलणी करायला काका आले, रामलिंग पतंगे, सगळे त्यांना अप्पा म्हणत. भरदार माणूस, पांढऱ्या मिशा आणि बोलणं इतकं सावकाश की एका वाक्यात आपला चहा पिऊन व्हावा. बरोबर मान हलवायला आणलेले दोन म्हातारे, आणि मध्यस्थ म्हणून आमच्याच ओळखीचे देशमाने सर. मुलानं बैठकीला यायचं नसतं, त्यामुळे संदेश आला नव्हता. आम्ही बायका मधल्या खोलीत पडद्यामागं.

पोहे झाले, चहा झाला. तात्यांनी चहाला हात लावला नाही.

अप्पांनी पानाचा डबा उघडला. पान लावलं. चुना पुसला. मग म्हणाले, "तर... माळवदे... लग्न बार्शीला... करावं म्हणतो."

आमच्याकडे लग्न मुलीच्या गावी होतं. ह्या एका मुद्द्यावर दोन तास भांडायचं असतं, शेवटी मुलाकडच्यांनी माघार घ्यायची असते, आणि मग सगळ्यांना आपण काहीतरी कमावलं असं वाटतं. आईनं माझा हात घट्ट धरला.

"चालेल," तात्या म्हणाले.

अप्पांचं पान तोंडाजवळच थांबलं. "चालेल?"

"चालेल. पुढं?"

"जेवणाचं... दोन्हीकडचं... तुमच्याकडं."

"चालेल."

"आमचे मानाचे फेटे... बरेच आहेत."

"सगळ्यांना बांधू. पुढं बोला."

"वरातीला बँड..."

"दोन आणू," तात्या म्हणाले. "पुढं."

आत्यानं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघा वहिनी, माझा दादा कसा ऋषीसारखा बसलाय. चेहऱ्यावर तेज आलंय."

आईनं पडदा बोटभर सारून बघितलं. बराच वेळ बघितलं. लग्नाला बत्तीस वर्षं झालेली बाई होती ती. "ते तेज नाही, वन्सं," ती म्हणाली. "तो घाम आहे."

मी पण बघितलं. तात्या मांडी घालून ताठ बसले होते. पाठ एवढी ताठ मी त्यांची झेंडावंदनालाही बघितली नव्हती. दोन्ही हातांनी धोतराचा काठ मुठीत धरला होता, आणि उजव्या पायाचा अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता. कपाळावरून घामाची एक धार सरळ मिशीत उतरत होती.

आई स्वयंपाकघरात गेली आणि बाटली घेऊन परत आली. बाटली हलवली. तळाशी दोन-चार गोळ्या वाजल्या.

"काल अर्धी होती," आई म्हणाली. "वन्सं, जास्त घेतल्या तर काय होतं हो ह्यांनी?"

"काही नाही. खनिजच तर आहे." आत्यानं थोडा विचार केला. "हं, आमच्या क्लबातल्या कारखानीसबाईंनी एकदा दोन वेळच्या एकदम घेतल्या होत्या. त्यांना मग... पोट साफ झालं त्यांचं. म्हणजे चांगलंच साफ झालं. दिवसभर."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय."

"पण मन शांत होतं त्यांचं," आत्या म्हणाली.

आता सगळा उलगडा झाला. पलीकडे आमचा बाप ऋषीसारखा बसला नव्हता. तो बंदोबस्ताला बसला होता. 'चालेल, पुढं, चालेल, पुढं' हे मन मोठं झाल्याचं लक्षण नव्हतं. सुपारी फुटायची आणि मागच्या अंगणातल्या दाराकडं पळायचं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात होती. उठायची सोय नव्हती. उठला, की मोडली. आणि ज्याच्या नावावर आधीच दोन मोडलेल्या बैठका आहेत, त्यानं कितीही सांगितलं की बाबांनो मला फक्त परसाकडं जायचंय, तर कोण विश्वास ठेवणार? बरं, सांगणार तरी कसं? व्याह्यांशी पहिलंच बोलणं ते.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात देशमाने सर पाणी मागायच्या निमित्तानं आत आले. चेहरा उतरलेला. "वहिनी, काहीतरी गडबड आहे," ते हळूच म्हणाले. "पावणे बिचकलेत."

"का? सगळं तर हो म्हणतायत हे."

"म्हणून तर बिचकलेत. अप्पा मला कानात विचारत होते, हा माणूस भांडत का नाही? एवढं ऐकून आलो होतो याच्याबद्दल. मुलीत काही कमी-जास्त आहे का? लपवाछपवी आहे का? वहिनी, त्यांना जरा सांगा, एखाद्या गोष्टीला तरी नाही म्हणा. निदान बँडला."

"कसं सांगू?" आई म्हणाली. "बैठकीत बाईनं जायचं नाही, आणि ह्यांनी यायचं नाही."

सर परत गेले. आम्ही पडद्याला चिकटलो. अप्पांनी दुसरं पान लावायला घेतलं होतं. माझ्या आयुष्यात इतकं सावकाश लावलेलं पान मी बघितलं नाही. सुपारी कातरली. थोडी बाजूला काढली. कात लावला. तात्यांनी डोळे मिटले.

"माळवदे," अप्पा म्हणाले, "मुलीचं आधी... कुठं जुळत आलं होतं?"

"दोनदा," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "माझ्यामुळं मोडलं. पोरीचा काही दोष नाही. पुढं."

अप्पांनी त्या दोन म्हाताऱ्यांकडं बघितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवायची का नाही ते न कळून अर्धवट हलवली. मग अप्पांनी पान तसंच तबकात ठेवलं आणि पहिल्यांदाच जरा भरभर बोलले.

"मग एक शेवटचं. मुलीनं कंडक्टरकी सोडायची. लग्नाआधी राजीनामा. आमच्या घरची सून दिवसभर गर्दीत धक्के खात, घंटी मारत फिरलेली आम्हाला चालायची नाही. एवढं कबूल करा, लगेच सुपारी फोडू."

लगेच. हा शब्द तात्यांनी ऐकला तेव्हा त्यांचे डोळे उघडले. एक 'चालेल', बस. मागचं दार फक्त तेवढ्या अंतरावर.

खरं सांगते, मी पडद्यामागं उभी होते आणि माझ्या मनात आलं, म्हणा तात्या, हो म्हणा. मला संदेश हवाय. नोकरीचं नंतर बघू, तो समजूतदार आहे, मी त्याला सांगेन. आणि लगेच दुसऱ्या श्वासाला वाटलं, नका म्हणू. त्या नोकरीसाठी मी दोन वर्षं परीक्षा दिल्या होत्या. पहिल्या दिवशी खाकी साडी नेसून दहिवडीच्या गाडीपाशी उभी राहिले तेव्हा स्पीकरवर तात्यांनी ती गाडी लागल्याचं तीनदा पुकारलं होतं. एकाही प्रवाशाला ऐकू गेलं नाही असं व्हायला नको म्हणून. माझा जीव असा दोन्हीकडं ओढला जात होता, आणि काय हवंय ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

"नाही," तात्या म्हणाले.

आवाज वाढवला नव्हता. वाढवायची सोयच नव्हती बिचाऱ्यांची. एकेक शब्द सुटा करून, मध्ये श्वास घेऊन, ते बोलत होते.

"बदली... करून घेईल. बार्शी डेपोला. राजीनामा... देणार नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही."

"मग सोयरीक कशी व्हायची?"

तात्यांनी धोतराचा काठ आणखी घट्ट धरला. "ते तुम्ही ठरवा. उठायचं असेल तर... तुम्ही उठा. मी उठणार नाही."

आईनं माझा दंड एवढा आवळला की दोन दिवस वळ राहिला होता.

"तुमच्या घरात बसवून आम्हालाच उठा म्हणताय?" अप्पा म्हणाले.

"म्हणत नाही. बसा की. संध्याकाळपर्यंत बसा. उद्या सकाळपर्यंत बसा." तात्यांच्या मिशीतून घाम ठिबकला. "मी पण बसतो."

आणि ते बसले.  बाहेर जगदाळ्यांची शेळी ओरडत होती. एका म्हाताऱ्यानं खाकरून घसा साफ केला आणि अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा खाकरलाच नाही. देशमाने सर कधी इकडं बघत, कधी तिकडं. अप्पा तात्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होते आणि तात्या अप्पांच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडं. तात्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल. आत्या माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. नीट ऐकलं तर ती भोपळ्याच्या बियांबद्दल देवाची माफी मागत होती.

शेवटी अप्पांच्या मिशा हलल्या. आम्हाला वाटलं आता चपला मागवतात. पण ते हसत होते.

"सुटलो बाबा," अप्पा म्हणाले. "अहो माळवदे, मघापासून माझ्या जिवाला घोर लावलात तुम्ही. जे मागावं त्याला हो. मला वाटलं ह्या माणसाला मुलगी नकोशी झालीय, कुठंतरी ढकलून मोकळं व्हायचंय. जी पोर बापालाच नको, ती मी कुठल्या तोंडानं घरी नेऊ? म्हणून म्हटलं, एकदा वर्मावर बोट ठेवून बघावं." त्यांनी म्हाताऱ्यांकडं बघितलं, आणि म्हाताऱ्यांनी आता मोकळ्या मनानं मान हलवली. "राहू दे तिची नोकरी. आमच्या पोरानं निघताना मला दम दिलाय, काका नोकरीचा विषय काढलात तर माझ्या लग्नाला मी येणार नाही. त्याला सांगू नका, मी काढला म्हणून."

पडद्यामागं मी खाली बसले. 

"सुपारी," तात्या म्हणाले.

"फोडू की. आधी तुम्हाला एक गंमत सांगतो. आमच्या थोरल्या बहिणीच्या बैठकीत..."

"आधी सुपारी. गंमत नंतर."

देशमाने सरांनी ताटलीत सुपारी ठेवली, वर अडकित्ता. रिवाजाप्रमाणं दोघांनी मिळून अडकित्ता दाबायचा. दोघांनी दाबला. सुपारी निसटली आणि म्हाताऱ्याच्या मांडीखाली गेली. म्हातारा शोधायला लागला. सापडली. पुन्हा दाबला. आईनं बाजारातून पारखून आणलेली सुपारी होती ती, निब्बर. दिवसभर कुणाला जुमानलं नसतं तिनं. तिसऱ्या वेळी तात्यांनी अप्पांचा हात बाजूला सारला, अडकित्ता दोन्ही हातांत धरला, आणि माणूस सगळ्या ताकदीनिशी फक्त एका ठिकाणी जोर लावत असताना दुसरीकडं कुठंही जोर जाऊ न देण्यासाठी जेवढं सोसतो, तेवढं सोसून दाबला. कट्ट असा आवाज आला.

तुकडे ताटलीत पडायच्या आत तात्या उठले होते. "राम राम," एवढं म्हणाले, आणि पडदा उडवत, आमच्या तिघींच्या मधून, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले. आधीच्या दोन बैठकींतून ते किती वेगानं उठले होते ते मी बघितलं होतं. हा वेग वेगळाच होता.



"काय झालं हो?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

देशमाने सरांना खरं काहीच माहीत नव्हतं. पण आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, उत्तर नाही असं कधी म्हणणार नाही. ते हळुवारपणे म्हणाले, "भरून आलं असेल. मुलीचा बाप आहे शेवटी. चार लोकांत कसं रडायचं, म्हणून आत गेले."

अप्पांचे डोळे टचकन भरले. "वरनं किती कडक, नाही?" ते म्हणाले आणि उठलेच. आई आडवी आली, "अहो अप्पा, बसा, ते येतील," म्हणाली, पण अप्पा कुणाचं ऐकतात? ते थेट अंगणात गेले. मागच्या भिंतीला आमचा संडास. पत्र्याचं दार आतून लावलेलं. अप्पा त्या दारासमोर उभे राहिले, पत्र्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "माळवदे, मोकळे व्हा. मनात काही ठेवू नका. माझ्या पुतणीला दिलं तेव्हा मी पण असाच कोपऱ्यात जाऊन बसलो होतो."

आतून उत्तर आलं नाही. निदान शब्दांत आलं नाही.

आत्यानं तिथंच पायरीवर बसकण मारली आणि पोट धरधरून हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. पुण्याच्या हास्यक्लबाला ते कधी जमलं नसावं.

पावणे गेले ते मनानं अगदी जवळचे होऊन गेले. जाताना अप्पा आईला म्हणाले, "सांभाळा त्यांना. फार हळवा माणूस आहे."

संध्याकाळी तात्या पडवीत खाटेवर पडले होते. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. मी ताकभात कालवून नेला आणि शेजारी बसले.

"किती गोळ्या घेतल्यात?" मी विचारलं.

"मोजल्या नाहीत. दुपारी मुठीत आल्या तेवढ्या घेतल्या." त्यांनी एक घास खाल्ला. "माझा माझ्यावर भरवसा नव्हता."

"पण त्या पायाच्या गोळ्यांवरच्या..."

"गप बस. दुसऱ्याच दिवशी बाटली घेऊन मेडिकलवाल्याकडं गेलो होतो मी. वाचून दाखव म्हटलं. म्हणाला, तात्या, राग शांत करायच्या आहेत, मूड चांगला राहतो." ते भिंतीकडं बघत बोलत होते. "त्या रात्री तू आईपाशी रडलीस ना? भिंत पातळ आहे आपली. म्हटलं, पोरीनं एवढं केलंय तर घेऊ या."

"म्हणजे ती तुळस, ते लाइटचं..."

"त्या शेळीला मी मनातल्या मनात काय काय म्हणालोय ते तुला सांगण्यासारखं नाही. गोळीनं राग गेला का नाही ते मला माहीत नाही बाई. मी गिळत होतो एवढं खरं. तुझ्या आईची ती आमटीसुद्धा."

मी हसले, आणि हसता हसता मला एकदम रडू फुटलं. त्या भिंतीपलीकडं ते जागे होते, आणि इतके दिवस आम्ही तिघी त्यांना फसवतोय असं समजत होतो.

"तात्या, एवढा त्रास होत होता तर हो म्हणून टाकायचं होतं," मी म्हणाले. "बार्शीला हो म्हणालात, जेवणाला हो म्हणालात. नोकरीलाही म्हणायचं. मी नंतर बघून घेतलं असतं."

तात्यांनी ताटली खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो बारीक घाम यायला लागला होता, पण ते उठले नाहीत.

"बार्शी, जेवण, फेटे, बँड, ते सगळं माझं होतं," ते म्हणाले. "माझं होतं म्हणून देऊन टाकलं. नोकरी तुझी आहे. तुझी वस्तू मी कशी देणार?"

मी काहीतरी बोलणार होते. पण तोवर तात्या धोतर सावरत घाईघाईनं मागच्या अंगणाकडं निघाले होते.